आधी पडायला शिका!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा नागपूरहून नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, हात बरा झाला ना? मग लिहीत का नाही?" हात म्हणजे माझं उजवं मनगट. गेल्या दिवाळीच्या आधी आकाशकंदील काढायला स्टुलावर चढले आणि उतरताना पडले. सहा आठवडे प्लास्टर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढायचं काय अडलं होतं, हे सगळ्यांचं विचारून झालं आहे. तुम्ही नका विचारू! पण त्या मनगटाचा आजच्या लेखाशी संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगते.

तर झालं असं की, आमची नात सहावीत आहे. तिच्या शाळेच्या व्हॅनमधल्या दोन मोठ्या मुली तिला त्रास द्यायच्या. वेणी ओढायची, डबा काढून घ्यायचा, चिमटे. पोरगी महिनाभर काही बोलली नाही. एक दिवस न्हाऊ घालताना सूनबाईंना दंडावर काळेनिळे डाग दिसले, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. व्हॅनवाल्या काकांशी आणि शाळेशी बोलणं झालं, ते प्रकरण मिटलं. पण मुलाच्या मनातून जाईना. तो म्हणाला, "हिला स्वतःचं रक्षण करता आलं पाहिजे." घराजवळच्या हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग चालतो, तिथे नाव घातलं.

महिना झाला आणि सूनबाई वैतागल्या. "आई, अजून नुसतं पडायलाच शिकवतायत! पडायची फी भरली का आपण?" मग ठरलं की एक दिवस आजींनी जाऊन बघून यावं. शिक्षकी पेशातल्या माणसाला काय ते कळेल!

गेले. वीसेक मुलं जाड गाद्यांवर ओळीनं बसली होती. सर 'हं' म्हणाले की सगळी मागे पडायची, हनुवटी छातीला टेकलेली, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि दोन्ही तळहात गादीवर फाडकन. पुन्हा उठायचं, पुन्हा पडायचं. अर्धा तास हेच. सर तिशीचे असतील. मी विचारलं, "किती दिवस चालणार हे?" ते म्हणाले, "डोकं जमिनीला लागणार नाही याची मला खात्री होईपर्यंत, आजी." भिंतीवर एका जपानी वृद्ध गृहस्थांचा फोटो होता, त्याला हार घातलेला. "हे कोण?" तर म्हणाले, "हे कानो सर. ज्युदो यांनीच सुरू केला. तुमच्यासारखेच शिक्षक होते."

त्या एका वाक्यानं मी घरी येऊन पुस्तकं काढून बसले. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मेईजी क्रांती, १८६८, सरंजामशाहीचा अंत, आधुनिक जपान... हे सगळं फळ्यावर लिहून देऊन दोन तासिकांत उरकायचं, असा माझा खाक्या. त्या दोन तासिकांच्या आड असा एक शिक्षक लपलेला होता, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा, कोबेजवळच्या मिकागे गावातला. लहानपणीच आई गेली, वडिलांबरोबर तोक्योला आले. अभ्यासात हुशार, इंग्रजी उत्तम, पण अंगानं अगदी किरकोळ. मोठेपणीसुद्धा उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. वसतिगृहात दांडगी मुलं या हुशार पोराला बडवून काढायची. कोणीतरी सांगितलं की जुजुत्सू नावाची एक विद्या आहे, तिच्यात लहान चणीचा माणूस धिप्पाड माणसाला लोळवतो. झालं! मुलाच्या डोक्यात तेच बसलं.

पण शिकवणार कोण? जुजुत्सू ही सामुरायांची विद्या. १८७६ साली सामुरायांना कमरेला तलवार लावून फिरण्याची बंदी झाली. त्यांची विद्याही जुनाट, गावंढळ ठरली. जो तो पाश्चात्य शिक्षणाच्या मागे. घरी ओळखीच्या माणसांना विचारलं तर सगळे म्हणाले, आता कशाला हवंय ते? वडिलांनाही पसंत नव्हतं. जुजुत्सूचे पुष्कळसे जाणकार तेव्हा हाडं बसवून पोट भरत होते. (आपल्याकडेही तालमीतले वस्ताद हाड बसवून देत, आठवतं का?) १८७७ मध्ये कानो विद्यापीठात दाखल झाले आणि अशाच एका हाडवैद्याच्या ओळखीतून त्यांना पहिले गुरू भेटले, फुकुदा हाचिनोसुके.

या गुरूंची शिकवण्याची तऱ्हा मजेशीर होती. कानोंनी विचारलं की हा डाव करताना हात कुठे, पाय कुठे, तर गुरुजी उत्तर म्हणून त्यांना आपटायचे. पुन्हा विचारलं की पुन्हा आपटायचे. करून करून कळेल, एवढंच म्हणणं. जुनी गुरुकुलं अशीच असायची. डाव शिष्याच्या अंगात मुरायचा, पण का आणि कसा हे कोणी उलगडून सांगायचं नाही. कानोंचा पिंड अभ्यासकाचा. तालमीत एक धिप्पाड सहाध्यायी काही केल्या हरत नव्हता, तेव्हा ते ग्रंथालयात जाऊन पाश्चात्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळत बसले. तिथे सापडलेल्या खांद्यावर उचलण्याच्या एका डावावर मेहनत केली आणि त्या गड्याला उचलून टाकला.

पहिले गुरू १८७९ मध्ये वारले, पुढे आणखी दोन गुरू केले. आणि १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोक्योच्या एइशो-जी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी आपली शाळा सुरू केली. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. नाव कोदोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करण्याची जागा. मुलांच्या आपटण्यानं मंदिरातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या कोसळायच्या, भिक्षू कुरकुरायचे, आणि रात्री कंदील घेऊन खुद्द कानो जमिनीखाली शिरून तुळया दुरुस्त करायचे, असं सांगतात.

आता मुद्द्याचं. त्यांनी जुजुत्सू हे नाव बदलून 'ज्युदो' केलं. 'जुत्सू' म्हणजे कसब, 'दो' म्हणजे मार्ग. नुसतं नाव बदललं नाही, आतलं बरंच काही बदललं. जीवघेणे डाव, ठोसे, लाथा, पायांचे सांधे मोडणं, हे सगळं रोजच्या सरावातून काढलं आणि जोडीनं ठरवून करायच्या संथ प्रकारांत जपून ठेवलं. खुल्या सरावात तेच डाव ठेवले जे पूर्ण जोर लावून केले तरी समोरचा सुखरूप उठेल. आणि तो सुखरूप उठावा म्हणून पडण्याचं शास्त्र सगळ्यांच्या आधी शिकवायचं! म्हणजे आमच्या नातीची महिनाभराची फी कशापायी गेली, ते मला इथे उमगलं.

याच सुमारास जपान सरकारपुढे प्रश्न होता की जुजुत्सू आणि तलवारबाजी शाळांत शिकवावी का? १८७८ मध्ये सरकारनं शारीरिक शिक्षणासाठी एक संस्था काढली होती, तिथे अमेरिकेहून आलेल्या लेलंड नावाच्या डॉक्टरांनी हलक्या कवायतीचे प्रकार बसवून दिले होते. त्या संस्थेनं या विद्यांचा अभ्यास करून १८८४ मध्ये आपलं मत कळवलं. बाजूचे मुद्दे होते: शरीर वाढतं, दम वाढतो, धीर येतो, अचानक संकट आलं तर स्वसंरक्षणाचा पाया तयार होतो. विरुद्धचे मुद्दे: शरीराचा एकसारखा विकास होत नाही, इजेचा धोका आहे, कोणाला किती झेपेल याचा मेळ राहत नाही, डोकी तापतात, काहीही करून जिंकायची खुमखुमी वाढते, आणि एकेका मुलाकडे लक्ष द्यावं लागत असल्यानं वर्गाला एकदम शिकवता येत नाही. निकाल: शाळेचा नियमित विषय म्हणून नको.

तुम्ही म्हणाल, हट्टी माणूस चिडला असेल. मला मात्र वाचताना वाटलं की ही यादी कानोंनी शिक्षकाला शोभेल अशी घेतली, म्हणजे वहीत लाल शाईनं दाखवलेल्या चुकांसारखी. धोका आहे? तर पडणं आधी. डोकी तापतात? तर सुरुवातीला आणि शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार. सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही? तर पायऱ्या पाडा. काळ्या पट्ट्याच्या 'दान' पायऱ्या १८८३ पासूनच्या, त्यांच्याच. आणि एकसारख्या विकासाचा आक्षेप तर त्यांनी पुढेही मान्यच केला, उतारवयात त्यासाठी वेगळे व्यायामप्रकार बसवले.

मे १८८९ मध्ये तोक्योत शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींपुढे, शिक्षणमंत्री समोर बसलेले असताना, त्यांचं व्याख्यान झालं. विषय ज्युदो आणि त्याचं शैक्षणिक मूल्य. वय अठ्ठावीस! त्यात त्यांनी ज्युदोची तीन अंगं सांगितली. पहिलं शरीर घडवणं, दुसरं झुंज घेता येणं, तिसरं मन आणि वागणूक घडवणं. स्वसंरक्षण हे दुसऱ्या अंगात येतं. ते हवंच, पण एकटं आलं तर अपुरं. कवायतीबद्दलही ते स्पष्ट बोलत. शरीराला चांगली, पण रुक्ष, म्हणून शाळा सुटली की मुलं ती सोडून देतात. जे शाळेबरोबर सुटतं ते शिक्षण कसलं?

नंतर ते युरोपातल्या शाळा पाहायला गेले. परतीच्या बोटीवर एका धिप्पाड रशियन अधिकाऱ्यानं त्यांना आव्हान दिलं, अशी गोष्ट सांगतात. कानोंनी त्याला फेकलं, आणि तो पडत असताना आपला हात त्याच्या डोक्याखाली घातला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या या हातासाठी. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण तिसरं अंग मुलांना समजावून द्यायला याहून चांगली गोष्ट मला सापडली नाही.

१८९३ पासून मध्ये थोडे खंड पडत १९२० पर्यंत कानो तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. जपानभरच्या शाळांना शिक्षक पुरवणारी ही संस्था. तिथे पोहणं आणि लांब पल्ल्याचं धावणं सगळ्या विद्यार्थ्यांना करायला लावलं. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे आशियातले पहिले सभासद झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला जपानचं पहिलं पथक नेलं, त्यातला मॅरेथॉनचा धावपटू त्यांच्याच विद्यालयातला. आणि ज्युदो? १९११ मध्ये माध्यमिक शाळांना तो शिकवण्याची मुभा मिळाली. पहिल्या नकारानंतर सत्तावीस वर्षांनी.

आपल्याकडेही हा धागा येऊन पोचला होता. १९०५ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात सानो नावाचे जपानी शिक्षक आणले, १९२९ मध्ये ताकागाकी आले. त्यांच्या हाताखाली मुलीही शिकल्या. आणि अगदी याच प्रश्नांशी झगडणारी माणसं आपल्या मातीतही होतीच. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले स्वामी कुवलयानंद पुढे लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढतात, आणि १९३७ मध्ये मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्ष होतात. १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेचे पी.टी.चे सर कांदिवलीचेच होते. लाठी, लेझीम, मल्लखांब, सगळं यायचं त्यांना.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे.

जानेवारी उजाडला की मी त्या सरांकडे जायची. "सर, पोर्शन राहिलाय, आजचा तुमचा तास घेऊ का?" ते हसून म्हणायचे, "घ्या बाई." एका वर्षी नाही, दरवर्षी. मुलं रडवेली व्हायची, पण इतिहास पुरा व्हायचा. मेईजी क्रांतीसुद्धा मी कित्येकदा पी.टी.च्या तासाला शिकवली असेन! इतिहास हा विषय आणि पी.टी. म्हणजे मोकळा तास, असं मी मनाशी धरलं होतं. मी एकटीच नव्हते, पण म्हणून काही माझं ओझं कमी होत नाही.

त्या काळातली, म्हणजे १९८३-८४ ची गोष्ट. नववीतली एक मुलगी शेजारच्या वाडीवरून तीन किलोमीटर चालत यायची. वाटेत काही टारगट पोरं मागे लागायची. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, खूप वेळ नुसती उभी राहिली, मग सांगितलं. मी काय म्हणाले? "खाली मान घालून चालत जायचं. लक्ष द्यायचं नाही. मैत्रिणींबरोबर यायचं." मला वाटलं, मी फार समजूतदारपणे सांगितलं. पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली. वडिलांना कळलं होतं, त्यांनी शाळाच बंद केली. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तिची हुशारी मला आजही आठवते, पानिपतावरचं तिचं उत्तर मी वर्गात वाचून दाखवलं होतं.

ज्युदो येत असता तर ती शाळेत राहिली असती, असं मी म्हणणार नाही. चार पोरांपुढे एका मुलीचा डाव चालत नाही, आणि वडिलांच्या धास्तीवर तर कुठलाच डाव नाही. तिला त्या दिवशी हवी होती ती मी. मी मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं, पी.टी.च्या सरांना घेऊन त्या वाटेवर उभं राहायला हवं होतं, तिच्या वडिलांना भेटायला हवं होतं. हे मला का सुचलं नाही? कारण मलाही शाळेत कोणी तेच शिकवलं होतं, खाली मान घालून चालायला. झुंज घेता येणं म्हणजे मारामारी नव्हे. 'हे चालणार नाही' असं ताठ उभं राहून म्हणता येणं, हीसुद्धा झुंजच. ती अंगात मुरावी लागते आणि अंगात मुरायला तास लागतो. तोच तास मी दरवर्षी काढून घेत होते.

कानोंची गोष्ट काही सगळी गोड नाही, तेही सांगायला हवं. ते स्त्रियांना १८९३ पासून घरी शिकवत असले, तरी कोदोकानात स्त्रियांचा विभाग १९२६ मध्ये निघाला आणि स्पर्धा त्यांना बंदच होत्या. त्यांच्या पहिल्या गुरूंची नात, केइको फुकुदा, १९३५ मध्ये शिकायला आली. गुणवत्ता असून बाई म्हणून ती वर्षानुवर्षं पाचव्या दानवर अडकून राहिली. २०११ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेत तिला दहावा दान मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. स्त्रियांचा ज्युदो ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी आला १९९२ मध्ये, पुरुषांचा १९६४ मध्ये.

कानो १९३८ मध्ये बोटीवर प्रवासात वारले. त्याआधीच, १९३१ मध्ये, ज्युदो आणि तलवारबाजी मुलांच्या माध्यमिक शाळांत सक्तीची झाली होती. पुढे युद्धाच्या काळात शाळाशाळांतून सैनिक घडवण्याकडे या विद्यांचा वापर झाला. म्हणून १९४५ नंतर अमेरिकी अंमलात शाळांतून त्यांच्यावर बंदी आली, ज्युदोवरची १९५० मध्ये उठली. 'आपलं आणि दुसऱ्याचं, दोघांचं भलं' हे ब्रीद देणाऱ्या माणसाची विद्या बघा कुठून कुठे गेली.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट याच्या नंतरची. १९८३ नंतरच्या तीसेक वर्षांत जपानी शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. पुष्कळशी डोक्याला मार लागून, आणि त्यात नवशिकी मुलं बरीच. पडणं पक्कं व्हायच्या आत त्यांना स्पर्धेच्या सरावात लोटलं होतं. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकलांचा विषय सक्तीचा होणार म्हटल्यावर पालकांनी आणि अभ्यासकांनी हे आकडे पुढे आणले आणि सुरक्षिततेकडे नव्यानं लक्ष गेलं. १८८४ च्या त्या यादीतले मुद्दे आठवा: इजेचा धोका, जिंकायची खुमखुमी. ज्यावर कानोंनी उत्तर शोधलं होतं ते उत्तरच विसरलं की जुना आक्षेप खरा ठरतो.

सूनबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून महिनाभर पडू दे म्हणता?" म्हटलं, पडू दे. दोन महिने पडू दे. सरांनाही जाऊन सांगून आले की घाई करू नका, फी आम्ही भरू!

आता मनगटाचं. नातीला प्लास्टरची गोष्ट माहीत होतीच. एक दिवस तिनं मला विचारलं, "आजी, तू पडलीस तेव्हा हात असा पुढे टेकलास ना?" म्हटलं, हो. "तिथेच चुकलं. तळहात टेकवून सगळं वजन घ्यायचं नसतं. सर सांगतात." मग आम्ही दोघी पलंगावर बसलो, दोन गाद्या एकावर एक घालून. बसल्या बसल्या मागे कलंडायचं, हनुवटी छातीला, नजर पोटाशी. पहिल्या वेळी मी घाबरून तिचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "हात सोड, मी डोक्याखाली धरते." आणि खरंच धरला तिनं.

व्हॅनमधल्या त्या मोठ्या मुलींबद्दल मी नंतर एकदा विचारलं. त्यांच्यातली एक आता या ज्युदोच्या वर्गालाच येते म्हणे! "मग, घेतलास का सूड?" मी गमतीनं म्हटलं. तर म्हणाली, "ती अजून नवीन आहे, आजी. तिला पडता येत नाही."

असो. माझ्याबरोबर नोकरी केलेल्यांपैकी कोणी हे वाचत असाल, तर आपापल्या शाळेत जानेवारीत कोणाचे तास कोण घेतंय, एवढं सध्याच्या बाईंना विचारून बघा. आणि स्टुलावर चढू नका.